दिवाळीनंतरची तीन पत्रं

पलूस, ४ जून १९४४

झुबेदाबाईंना,

नमस्कार लिहावा की सलाम, हे ठरवण्यात माझा अर्धा तास गेला. शाळेत मी दोन्ही करत असे आणि तुम्ही दोन्हींना मान हलवत होता. आता कशाला हलवाल याची खात्री नाही, म्हणून तसंच सुरू करते. मी बनू. हरिबांची बनू, पलूसची. सातारच्या शाळेत सहावी इंग्रजीत खिडकीजवळ बसायची ती.

दोन वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही ‘माझ्यासमोर येऊ नकोस’ म्हणाला होता. पत्र लिहिणं म्हणजे समोर येणं होतं का, याचाही विचार केला. पण एक असा प्रश्न पडला आहे, जो इथं कुणाला विचारता येत नाही. आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिलीच. आबांना वाटतं, शिकली म्हणजे हिला सगळं माहीत असणार.

प्रश्न असा. एखादं माणूस वारलं असेल, आणि त्याच्या नावानं दुसऱ्यानं इंग्रजी पत्रात ‘आय’, म्हणजे ‘मी’, लिहिलं, तर ते नुसतं खोटं लिहिणं झालं, की त्याहून वेगळं काही?

तुम्ही म्हणाल, ही पुन्हा तिथंच आली. तुमच्या भाचीच्या, परवीनच्या निबंधाची गोष्ट मी विसरलेले नाही. आई वारल्यामुळे ‘माझी आई’ या विषयावर तिला लिहवत नव्हतं, म्हणून तिच्या वहीत मी लिहिलं. आई वेणी घालताना लोकरीच्या धाग्याचं टोक दातांत धरते आणि तशीच दातांतून बोलते, असं लिहिलं होतं. तुम्ही वर्गात ते वाचलंत आणि मधेच थांबलात. तुमची बहीण तसंच करायची, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं तुम्ही तीनदा विचारलंत. कुणी नाही, लिहिताना आलं, हे मी तेव्हा सांगितलं ते खरं होतं. अजूनही खरं आहे.

आता इथलं सांगते. आमच्या शेजारी लीलाकाकी राहतात. त्यांचा मुलगा नाथाजी लढाईवर आहे, समुद्रापलीकडे. त्याची बायको राही माझ्याच वयाची. नाथाजीचं मराठी पत्र आलं की काकी मास्तरांना बोलावून ओट्यावर मोठ्यानं वाचून घेत. सगळी आळी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका राहीला तीच वाक्यं म्हणून दाखवायच्या. नाथाजी पलटणीत इंग्रजी शिकला तेव्हा त्यानं कळवलं, बनूकडनं शिकून घे, आपण इंग्रजीत लिहू. तिकडं पलटणीचा साहेब पत्रं उघडून वाचतो, पण साहेब काही पाणवठ्यावर येत नाही.

मग दुपारी गोठ्यात बसून मी तिला शिकवायचे. सर्वनामांचा तक्ता तुमचाच, डावीकडून उजवीकडं. पहिला पुरुष म्हणजे बोलणारा, दुसरा म्हणजे ज्याच्याशी बोलतो तो, तिसरा म्हणजे जो इथं नाही आणि ज्याच्याविषयी बोलतो तो. राही म्हणाली, “म्या बाईमाणूस, पहिला पुरुष कशी गं?” ‘यू’ कळल्यावर तर ती हसून वैरणीवर पडली. “सासूला बी यू, कुत्र्याला बी यू? लय सोपी भाषा हाय. नांदायला बरी.” पण नवऱ्याला ‘यू’ लिहिताना मात्र तिचा हात अडायचा. आणि ‘आय’ ती कधीच मोठा काढायची नाही. मी सांगून थकले की इंग्रजीत तो वाक्याच्या मधेही मोठाच असतो. म्हणायची, “आमी एवढ्या मोठ्या कवा झालो? बारकाच बरा.” आणि बारक्या आयवर टिंब द्यायची, अगदी गोल, कुंकू लावल्यासारखं. ‘ही’ आणि ‘हिम’ यांतला फरक तिला शेवटपर्यंत आला नाही.

चैत्रात तिला ताप आला आणि सहाव्या दिवशी ती गेली.

काकींनी नाथाजीला कळवलं नाही. गावचा अर्जुना घरची वाईट बातमी कळल्यावर आठ दिवसांत लढाईत पडला होता. काकी म्हणतात, “मन फिरल्यालं माणूस गोळी हुडकत जातं.” त्यांनी माझे हात धरले. “तू लिव. तिच्यावानी लिव. त्यो आला की म्या सांगंन.”

मी दोन पत्रं लिहिली आहेत. बारक्या आयनं. टिंब देऊन.

मला उत्तर द्यावं की नाही हे तुम्ही ठरवा. नाही दिलंत तरी ते उत्तरच आहे असं मी धरेन.

आपली विद्यार्थिनी,
बनू


पलूस, २ ऑगस्ट १९४४

झुबेदाबाईंना,

उत्तर आलं नाही. ते मी धरलं आहे. तरी पुन्हा लिहिते, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती आणि ती पोटात टोचते आहे. दुसरं पत्र लिहिणं मला पहिल्यापेक्षा सोपं गेलं, हे मी लिहिलं नव्हतं. राहीच्या चुका आधी मी आठवून आठवून घालत असे. आता आठवाव्या लागत नाहीत. ‘हिम’च्या जागी ‘ही’ आपसूक पडतं.

गेल्या मंगळवारी नाथाजीचं पत्र आलं. याकूबभाई पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. नाथाजीनं लिहिलं होतं, ‘परसातल्या शेवग्याची फांदी मोडली हे वाचून वाईट वाटलं. त्या फांदीला आपण झोका बांधला होता.’ बाई, मी फांदीचं काहीच लिहिलं नव्हतं. परसात जाऊन पाहिलं. फांदी मोडून पडली होती. काकी म्हणाल्या, परवाच्या वाऱ्यानं मोडली.

नाथाजीच्या पत्रावर तारीख होती जूनची.

पत्र तीनदा वाचलं. मग असं ठरवलं की फांदी आधीपासून तडकलेली असणार, राहीनंच कधीतरी जिवंतपणी लिहिलं असणार आणि ते पत्र उशिरा पोचलं असणार. हे पटण्यासारखं आहे. तुम्हाला पटतं का?

काकींना मी इतकंच म्हणाले की मला भीती वाटते. त्या आत गेल्या आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घेऊन आल्या. नखाएवढा. वर उभी बाई कोरलेली. आपल्याकडं देव्हाऱ्यात कुलदेवीचे असतात तसाच. “ह्यो घालून बसत जा लिवायला. मग बाधा व्हायची न्हाई,” असं म्हणून त्यांनी स्वतःच माझ्या गळ्यात बांधला. नवा होता, कडा अजून बोचत होत्या. देवीचाच असणार असं मी समजले. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्यानंतर भीती खरंच गेली. हेच मला बरं वाटत नाही.

आणखी एक. काकींची म्हैस राहीशिवाय कुणाला धार काढू देत नसे. राही गेल्यापासून आटल्यासारखीच होती. शनिवारी काकींचा हात दुखत होता म्हणून मी खाली बसले. म्हशीनं मान वळवून हुंगलं, माझ्या खांद्याशी तोंड नेलं आणि पान्हा सोडला. काकी दारात उभ्या होत्या. पदराचं टोक तोंडात धरून उभ्या राहिल्या.

आपली,
बनू


पलूस, २० सप्टेंबर १९४४

झुबेदाबाईंना,

या वेळी प्रश्न नाही, विनंती आहे. सांगलीला मुलींच्या एका शाळेत जूनपासून खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला बाई हवी आहे. शिकवलेल्या शिक्षकांचा दाखला मागतात. माझ्याकडं तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही मला खोटी म्हणाला होता. तरी मला व्याकरण येतं एवढं लिहाल का? वागणुकीच्या रकान्यात तुम्हाला जे खरं वाटेल ते लिहा.

मला इथून जायला हवं. का, ते सांगते.

परवा पाणवठ्यावर केरबाची बायको माझ्या गळ्याकडं बघत होती. म्हणाली, “सवतीचा टाक घातलायस व्हय गं? नवरा कवा केलास?” बाकीच्या हसल्या. मला कळलं नाही तसं तिनंच सांगितलं. पहिली बायको वारली की तिच्या नावाचा टाक करतात आणि दुसरी आली की तो तिच्या गळ्यात घालतात, म्हणजे पहिली तिला त्रास देत नाही. आमच्या भावकीत कुणी दुसरेपणाला गेलेली नाही, म्हणून मी कधी पाहिला नव्हता. आळीनं मात्र पाहिला आणि ओळखला. त्यांच्या लेखी ठरलं आहे. काकींनी आबांकडं शब्द टाकला आहे. आबा म्हणाले, “घर बघितल्यालं हाय. मानूस बघितल्यालं हाय. तूच तर त्येला पत्रं लिवतीस. आनि काय पायजे?”

मी टाक काढायला गेले. गाठ सुटली नाही. कात्री आणली आणि पुन्हा ठेवून दिली. का ठेवली ते मला सांगता येत नाही. सांगता येत नाही असं लिहिलं, पण ते खरं नाही. ह्यांचं पत्र आलं की दिवसभर माझ्या अंगात काम येतं. इतकं चांगलं मला कुणी लिहिलेलं नाही. ती पत्रं माझी नाहीत हे मला माहीत आहे.

इकडं पाऊस उघडला आहे. माझी म्हैस आता गाभण आहे. काकींनी आज पेटी उघडून कपड्यांना ऊन दिलं. माझ्या लग्नातलं हिरवं लुगडं बाहेर आलं, त्याला अजून हळदीचा वास येतो. काकींनी ते दोरीवर टाकलं आणि किती वेळ त्याच्याखाली उभ्या राहिल्या. मी गेले त्या दिवसापासून त्या नीट जेवलेल्या नाहीत.

दाखल्याचं तेवढं बघा.

आपली,
बनू


पलूस, २५ ऑक्टोबर १९४४

झुबेदाबाईंना,

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तुमचं पाकीट मिळालं. दाखला नसेल तर काय, या भीतीनं मी ते दुपारपर्यंत उघडलं नाही. आत दाखलाही होता आणि माझं सप्टेंबरचं पत्रही होतं. तुम्ही ते तपासून परत पाठवलं होतं, वही पाठवावी तसं.

लाल शाईची चार वर्तुळं. ‘ह्यांचं पत्र’. ‘माझी म्हैस’. ‘माझ्या लग्नातलं’. ‘मी गेले त्या दिवसापासून’. आणि खाली तुमच्या अक्षरात: ‘सर्वनामं तपासून पाहणे. बोलणारी कोण?’

बाई, ती वाक्यं मीच लिहिली आहेत. शाई माझी, अक्षर माझं. लिहिताना एकही चुकलेलं वाटलं नाही. तुम्ही खूण केली नसती तर मी ते पत्र दहा वेळा वाचून दहा वेळा बरोबर म्हटलं असतं.

ओसरीवर उन्हात बसून मी एकेक वर्तुळ दुरुस्त केलं. नाथाजीचं पत्र. राहीची म्हैस. राहीच्या लग्नातलं. राही गेली त्या दिवसापासून. चौथं लिहिताना रडू आलं. ती गेल्यावर मी रडले नव्हते. तिसऱ्या दिवशी तर तिच्या नावानं लिहायला बसले होते.

मग नाथाजीला खरं लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, कारण मराठीत लिहिलं असतं तर दहा पानं झाली असती आणि खरं कुठंतरी बुडालं असतं. राही वारली. ती चैत्रात वारली. त्यानंतरची पत्रं मी लिहिली. मला क्षमा करा. मोठ्या आयनं लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. पाडव्यादिवशी मंगळवार-शुक्रवार नसतानाही याकूबभाई दिवाळीच्या टपालासाठी आले होते, त्यांच्या हातात दिलं. काकींना सांगितलं नाही. हा एक दोष माझ्याकडं राहिला.

अर्जुनासारखं काही झालं तर ते माझ्या माथी. हे मला माहीत आहे. तरी लिहिलं.

त्या दिवसापासून मी राहीच्या नावानं एक अक्षर लिहिलेलं नाही. टाक मात्र गळ्यातच आहे. काकी म्हणतात, ज्यानं काढायचा तोच काढंल. कापला तर अपशकुन होतो म्हणतात. मी शिकलेली असूनही कापला नाही, हे तुम्हाला कळवायला लाज वाटते.

पाडव्याला दौत काठोकाठ भरून ठेवली होती. आज झाकण उघडलं तर निम्मी झालेली. इकडं ऊन फार आहे. आटली असेल.

आपली,
बनू


पलूस, ११ फेब्रुवारी १९४५

झुबेदाबाईंना,

नाथाजी आले. उजव्या हाताची दोन बोटं गेली म्हणून घरी पाठवलं आहे. जीव शाबूत आहे. तीन महिने मी रोज त्यासाठी देवाला सांगत होते, आणि ते सांगताना ‘माझ्या’ म्हणायचं टाळत होते.

मंगळवारी दुपारी स्टेशनावरून गाडी आली. काकींनी भाकरतुकडा ओवाळायला माझ्याच हातात दिला आणि मागून दंड धरून ठेवला. मी उंबऱ्यावर. ते पायरीखाली. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही, गळ्याकडं पाहिलं.

“ह्यो कुनाचा?”

“तिचाच की रं,” काकी म्हणाल्या. “बाबा, तुला आधीच सांगाया पायजे हुतं. राही...”

“राहीचं ठावं हाय मला. ह्यो हिच्या गळ्यात कसा?”

“तिच्या नावानं लिवायची पोरगी. बाधा नगं म्हनून.”

“आये, सवतीच्या गळ्यात घालत्यात ह्यो. मी दुसरं लगीन कवा केलं?”

“मग करशील की आता. हरिबा तयार हाय.”

नाथाजींनी पाय धुतले. ओसरीवर बसून पत्र्याची पेटी उघडली आणि डाव्या हातानं एक पुडकं माझ्यापुढं ठेवलं.

“तुझं दिवाळीचं पत्र पोचलं,” म्हणाले. “चार वळींचं. त्या दिवशी मी डब्यातला घासबी खाल्ला न्हाई. पन बरं वाटलं. कुनीतरी खरं सांगितलं. मग ही आली. त्याच्यामागनं. तीन.”

बाई, तीन पत्रं होती. तिन्हींवर दिवाळीनंतरच्या तारखा, पोस्टाचे शिक्के स्पष्ट. तिन्हींत बारका आय, टिंब गोल. कागद माझ्या वहीचा होता, उजवा कोपरा दुमडलेला, कारण माझी वही तशी आहे.

“खरं सांग. ही तू लिवलीस?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण ‘नाही’ची खात्री देता येईना. ‘हो’चीही येईना. तुमची चार वर्तुळं आठवली. मी म्हणाले, “मला आठवत नाही.” माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत अचूक वाक्य असेल.

ते म्हणाले, वाच. मी वाचली. पहिल्या दोन पत्रांत साधंच होतं. हाताला जपा. आत्तींवर, म्हणजे काकींवर, रागावू नका, त्यांनी भीतीपोटी केलं. तिसऱ्यात जे होतं त्याचा अर्थ लिहिते, कारण मी ते ठेवून घेतलेलं नाही:

‘बनू बसते तिथं मी बसत होते. ती जागा तिची नाही. तिला तिच्या जागी जाऊ द्या. टाक देव्हाऱ्यात ठेवा. आता मला यू लिहू नका. शी लिहा.’

मी ते पुन्हा वाचलं, आणि या वेळी तुमच्यासारखं वाचलं, लाल शाई हातात धरल्यासारखं. तिन्ही पत्रांत सर्वनामाची एकही चूक नव्हती. ‘ही’ जिथं हवा तिथं ‘ही’ होता, ‘हिम’ जिथं हवा तिथं ‘हिम’. राहीला ते कधी आलं नव्हतं. मग मीच लिहिली असतील, असं म्हणून मी श्वास सोडला. नंतर वाटलं, की ती शिकत राहिली असेल.

नाथाजी आईला म्हणाले, “काढ त्यो.”

काकी पुढं आल्या. गाठ त्यांच्या बोटांनी लगेच सुटली. टाक मुठीत धरून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मला तिच्यासाठी धड रडूबी दिलं न्हाई ह्या पत्रांनी. घरात तिच्या नावानं लिवत होतं कुनीतरी. मी कशी म्हनू मेली म्हनून?” मग त्या रडल्या. नाथाजी त्यांच्या पाठीवर पंजा ठेवून बसले, तीन बोटांचा.

मी उठले तेव्हा ते म्हणाले, “बनूताई, सांगलीला नोकरी बघतीयास म्हनं. आबास्नी मी सांगतो.”

बनूताई म्हणाले. त्या एका शब्दानं सगळं जागच्या जागी गेलं. दुखलं, हे लपवत नाही.

शुक्रवारी याकूबभाई आले. मी विचारलं, “भाई, दिवाळीनंतर मी तुमच्याकडं टपाल दिलं होतं?”

“दिलं की. तीन डाव.”

“मीच?”

“लीलाबाईच्या पायरीवर बसलेली असायचीस. पदर डोईवरनं पुढं वडलेला. मी म्हनलं, ठरलं वाटतं पोरीचं.”

“तोंड पाहिलंत?”

“परक्याच्या सुनंचं तोंड कशाला बघू? हात बघितला. हिरवा चुडा हुता कोपरापतोर.”

बाई, मी डोक्यावर पदर घेत नाही. माझ्या हातात दोन काचेच्या बांगड्या आहेत, निळ्या. राहीला मात्र अहेवपणी गेली म्हणून हिरवा चुडा भरून नेलं होतं. तो मीच भरला होता.

मी याकूबभाईंना काही सांगितलं नाही. त्यांना याच रस्त्यानं यायचं असतं.

आपली,
बनू


सांगली, १४ जून १९४५

झुबेदाबाईंना,

तुमच्या दाखल्यावर मला घेतलं. वागणुकीच्या रकान्यात तुम्ही ‘चूक दाखवली तर दुरुस्त करते’ असं लिहिलं होतं, ते हेडबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. या वेळी तुमचं उत्तर आलं, त्यात परवीनचं लग्न ठरल्याचंही वाचलं. तिची वेणी कोण घालणार, हे विचारायचं धाडस मी करत नाही. तुम्हीच घालाल.

नदीच्या बाजूला, एका विधवा बाईंकडं खोली मिळाली आहे. आबा स्वतः पोचवायला आले होते. नाथाजींनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, वाटेत एकदाच म्हणाले, “तुझं तू बघ, बये.” रागानं नाही म्हणाले. काकींनी राहीचं वर्षश्राद्ध नीट केलं. म्हैस व्याली, रेडी झाली. काकींचा निरोप आहे की ती धार देते.

काल पहिला तास घेतला. पाचवीचा वर्ग, एकतीस मुली, मी चारदा मोजल्या. सर्वनामांचा तक्ता फळ्यावर काढला, तुमच्यासारखाच डावीकडून. आय मोठा काढला. तो मधेही मोठाच असतो हे सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “बाई, यू सगळ्यांना कसं चालतं? आजोबांना पण?” मुली हसल्या आणि मीही हसले. मग तिसऱ्या पुरुषाशी आल्यावर म्हणाले, जी इथं नाही आणि जिच्याविषयी आपण बोलतो, तिला ‘शी’ म्हणायचं. आवाज नीट निघाला. मुलींनी सगळं उतरवून घेतलं.

वह्या तपासायला खोलीवर आणल्या. आज सकाळपासून उन्हात बसून तपासते आहे. एकतीस झाल्या. बऱ्याच मुलींनी ‘हर’चं स्पेलिंग चुकवलं आहे, एकीनं ‘दे’ दोनदा लिहिलं आहे. मोठा आय सगळ्यांनी बरोबर काढला.

गठ्ठ्याच्या तळाशी आणखी एक वही होती. बत्तिसावी. वर नाव नाही, फक्त उजवा कोपरा दुमडलेला. आत कालचा तक्ता पूर्ण उतरवला आहे. ही, हिम, हिज. शी, हर, हर्स. सगळं जागच्या जागी, एकही चूक नाही. फक्त पहिल्या खान्यातला आय बारका आहे, आणि त्यावर टिंब आहे, अगदी गोल.

मी ती समोर ठेवली. तुम्ही काय कराल, असा विचार केला. मग लाल शाईत लेखणी बुडवली आणि पानाखाली ‘बरोबर’ असं लिहिलं.

आयची चूक मी खुणावली नाही. माझ्याकडून एवढी एक चूक राहिली आहे, तुम्हाला कळवून ठेवते.

आपली,
बनू